आधी स्तुती

शमुवेलतात्या प्रार्थनेत देवाकडं कधीच काही मागत नसत आणि दुसऱ्यालाही सुखासुखी मागू देत नसत. आमच्या बेंबळीत ख्रिस्ती घरं मोजकीच. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. आधी गाणी, मग स्तुती, मग ज्याच्या त्याच्या विनंत्या आणि शेवटी चहा. तात्यांच्या कृपेनं तो चहा कायम गार व्हायचा.

एकदा मी घाईघाईनं पोराच्या नोकरीची विनंती मांडली. तात्यांनी एक डोळा उघडला. "दारात पाय ठेवला न्हाय तर ताट मागतूस व्हय रं? तहसीलदाराम्होरं गेलास तरी आदी नमस्कार घालतूस. आदी स्तुती!" आणि झाले सुरू. जन्म पिठाच्या गिरणीवर गेलेला, त्यामुळं पट्ट्याच्या आवाजावर मात करणारा गळा. सूर्य झाला, चंद्र झाला, तेरणा नदी झाली, शेळ्यांचे लांब कानसुद्धा झाले. "लई मोठा हायस बापा, लई मोठा!" पोराची नोकरी राहिली ती राहिलीच. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बरं, एवढी स्तुती करणारा माणूस घरात गोड बोलत असेल? नाव नको. त्यांच्या बायकोनं, मार्थाकाकूनं, आयुष्यभर भाकरी थापल्या, पण "चांगली झालीय" एवढे दोन शब्द तिच्या कानी पडले नाहीत. मी एकदा तात्यांना टोकलं. म्हणाले, "स्तुती त्याचीच करायची. माणसाची केली की माणूस चढून बसतंय." असल्या भक्तीला कोपरापासून नमस्कार, असं मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणालो.

यंदा काकू आजारी पडली. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच सगळे काय ते समजले. त्या शुक्रवारी प्रार्थना तात्यांच्याच घरी ठेवली. काकू आतल्या खोलीत निजलेली, आम्ही बाहेर बसलेलो. प्रार्थना चालवणारे पाळकसाहेब म्हणाले, "तात्या, आज तरी काकूंसाठी मागा."

तात्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी सूर्य-चंद्र आले नाहीत. "बापा, तुजी स्तुती असो. तू मला मार्था दिलीस. तिच्या हातची भाकर दिलीस. गिरणी बंद पडली तवा तिनं शेळ्या राखल्या, पर एका शब्दानं बोलली न्हाय. लई चांगलं माणूस दिलंस मला."

आता, आमच्यात एखाद्याबद्दल अशी उपकारस्तुती करतात ती त्याला माती देताना. बायकांना वाटलं, आत काकू गेली. एकीनं हुंदका दिला, दुसरीनं दफनाच्या वेळचं गीत धरलं, मीही मान खाली घालून उभा राहिलो. तेवढ्यात आतून आवाज आला, "म्या मेले न्हाय अजून! आन् अवो, ह्ये मला कवा सांगणार व्हता?"

हसू दाबत आम्ही आत गेलो. काकू हसत नव्हती.

"स्तुती पुरे झाली," ती म्हणाली. "माज्यासाटी मागा. मला जगायचंय अजून."

तात्या भिंतीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "दीपकच्या येळंला मागितलं व्हतं." दीपक त्यांचा एकुलता एक मुलगा, लहानपणीच तापानं गेलेला. "पाया पडून मागितलं. न्हाय म्हणला. आता परत न्हाय म्हणला तर कोणत्या तोंडानं स्तुती करू त्याची?"

"मग नगा करू," काकू म्हणाली. "आपुन दोगं मिळून रुसू त्याच्यावर. पर मागा."

तात्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे हिला," एवढंच म्हणाले. आमेन म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

उत्तर यायला आठवडाही लागला नाही. आम्ही काकूला माती दिली तेव्हा पाळकसाहेबांनी देवाची स्तुती केली, अगदी रीतसर. मला ती ऐकवेना.

आता तात्या शुक्रवारी येतात, दाराशी बसतात आणि स्तुतीच्या वेळी तोंड मिटून घेतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही. परवा निघताना मीच विचारलं, "तात्या, किती दिवस रुसून बसणार?"

त्यांनी चपलेत पाय घातला आणि तसेच थांबले.

"दोगांनी मिळून रुसायचं ठरलं व्हतं रं," ते म्हणाले. "एकट्याला रुसाया बी करमंना."