मुकादमाच्या घरचा पाव

कमाईप्रमाणे कुणाच्या घरात काय शिजतं, हे तोलून लिहायला आहाराची पाहणी करणाऱ्या हंसाबाई मुंबईहून बेटेगावात येणार होत्या. यादीत पहिलं घर दामूचं. तो तारापूरच्या बांधकामावर मुकादम झाला होता आणि गावात सगळ्यात जास्त पगार त्याचाच. दुसरं घर शेजारच्या बुधीचं. तिला पगारच नव्हता.

त्या सकाळी दामूच्या बायकोने, मंजुळाने, नेहमीसारख्या नाचणीच्या भाकऱ्या थापल्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी परतली, चिंबोऱ्यांचं कालवण उतरवलं आणि मग तिला हंसाबाई आठवल्या. मुकादमाच्या घरी नाचणी? बाई कागदावर लिहून नेणार!

तिने सगळं उचलून बुधीकडे नेलं. "बुधे, सांजपर्यंत ठेव. माझं हाय म्हणून कुणाला सांगू नको."

"नाय सांगत."

हंसाबाई आल्या तेव्हा मंजुळाच्या पुढ्यात बोईसरचा पाव, बिस्किटं आणि गोडमिट्ट चहा.

"रोज हेच खाता?"

"तिन्ही येळा!" मंजुळा ताठ मानेने म्हणाली.

"भाजी? मासळी?"

"छे! तसलं आमी आता खात नाय."

हंसाबाईंनी तिच्या डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली आणि काळजीने काहीतरी लिहिलं.

बुधीकडे मात्र त्या थक्क झाल्या. "हे सगळं तुमचं?"

बुधीने शब्द पाळला. "माझंच."

"मग आता घरच्यांशिवाय कुणाला द्यायचं नाही. संध्याकाळी येऊन उरलेलं तोलते."

संध्याकाळी दामू कामावरून आला. समोर पाव पाहून भडकला. "मी काय आजारी हाय?"

मंजुळाही दिवसभर बिस्किटांवर होती. दोघं बुधीच्या दारात गेली.

"नाय देता येत. बाईनं तोललंय."

"अगं, माझंच हाय ना ते!"

"ते तर सांगायचं नाय ठरलंय."

पण दामूचं तोंड पाहून तिला दया आली. दोघं जेवायला बसली. दोन घास जातात न जातात, तोच तराजू घेऊन हंसाबाई दारात.

"बुधीबाई, ही दोघं इथे कशी? तुमच्या घरात तर दोनच माणसं लिहिलीत."

बुधीने आताही शब्द पाळला. "शेजारची हायेत, बाई. त्यांच्या घरी खायाला कायच नाय."

"सकाळीच दिसलं मला," हंसाबाई हळहळून म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

मंजुळाला ओरडून खरं सांगायचं होतं; पण तोंडात चिंबोरीची नांगी होती. तिने ती आधी नीट फोडली, रस ओढून घेतला आणि खालमानेने आणखी एक भाकरी मागितली.