चिरंजिवांची टीम

चिरंजिवांनी परदेशातून सॉफ्टवेअरची पदवी आणली, दोन नोकऱ्या सोडल्या आणि आता ते घरबसल्या फ्रीलान्स कामं घेत. त्यांच्या ईमेलमध्ये 'मी' हा शब्द मात्र औषधालाही सापडत नसे. 'आमची टीम पाहते आहे', 'टेस्टिंग विभागाने तपासलं आहे', 'प्रोजेक्ट हेड रजेवर आहेत' असा सगळा थाट. एकट्या माणसाला मोठं काम कोण देणार, हा त्यामागचा विचार. तो इतका बरोबर ठरला, की बऱ्याच गोदामांच्या एका मालकांनी वर्षभराचं काम देऊ केलं. फक्त त्याआधी व्हिडिओवर टीमशी ओळख करून द्या, म्हणाले.

हे काम हातचं गेलं तर पुन्हा नोकरीसाठी अर्ज करणं आलं. चिरंजिवांनी घरात जी टीम होती ती गोळा केली.

"मी काय बोलायचं?" आईने विचारलं.

"तू टेस्टिंग विभाग. काही विचारलं की 'तपासलंय' म्हण."

"आणि मी?" बाबा म्हणाले.

"तुम्ही प्रोजेक्ट हेड. नुसती मान डोलवा."

बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. नुसती मान त्यांनी शिक्षण खात्यापुढेही डोलवली नव्हती, पण चिरंजीव घाईत होते.

आई स्वयंपाकघरात, बाबा झोपायच्या खोलीत आणि चिरंजीव बाहेरच्या खोलीत, असे तिघे तीन पडद्यांसमोर बसले. मालक बोलायला सुरुवात करतात तोच दारावरची बेल वाजली. ती तिन्ही चौकटींत एकदम ऐकू आली आणि तिन्ही चौकटींतली माणसं एकदम उठली.

"एकाच ऑफिसात बसता वाटतं?" मालक म्हणाले.

"हो. भिंती जरा पातळ आहेत," चिरंजीव पुन्हा बसत म्हणाले. बेल वाजवणारा कंटाळून निघून गेला.

"बरं, टेस्टिंगला काही चुका सापडल्या का?"

"आमच्या इंजिनिअरच्या कामात चूक निघायची नाही," आई म्हणाली. "अगदी लहानपणापासून..."

"कंपनी लहान होती तेव्हापासून," चिरंजिवांनी सावरून घेतलं.

"ही त्याला कायम पाठीशी घालते," प्रोजेक्ट हेड म्हणाले. "म्हणून तर ऊन डोक्यावर आलं तरी तो अंथरुणात असतो."

चिरंजिवांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मालक मात्र खुर्ची पुढे ओढून बसले.

"बोला, बोला."

प्रोजेक्ट हेड मनापासून बोलले. इंजिनिअर सगळं शेवटच्या दिवसावर ढकलतो, 'होतंय' म्हणाला की अजून सुरुवात नाही असं समजावं, आणि बोललेलं त्याला लागतही नाही.

"साहेब, इतक्या कंपन्या पाहिल्या," मालक म्हणाले, "पण आपल्या माणसांबद्दल खरं बोलणारे तुम्हीच भेटलात. काम तुमचं!"

दुसऱ्या दिवशी मालकांचा संदेश आला तो थेट बाबांना. काम तुमच्याकडेच राहील, पण तो इंजिनिअर काढून टाका, मी चांगला माणूस पाठवतो.

चिरंजीव दारात उभे होते.

"काढू नका हो त्याला," आई बाबांना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

बाबांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने उत्तर टाइप करत मोठ्याने वाचलं, "माणूस हुशार आहे. शिवाय त्याला काढला तर टेस्टिंग विभाग माझ्याशी बोलणं टाकेल. तूर्त प्रोबेशनवर ठेवतो."