बाईसाहेबांसाठी पडदे

दळवीकाकांच्या घरी गेलात की पाणी विचारायच्या आधी ते तुमच्या हातात एक करडा सदरा ठेवतात. तो अंगातल्या कपड्यांवरून चढवायचा, मगच आत पाय टाकायचा. मी पहिल्यांदा गेले ती पिवळाधमक ड्रेस घालून, तर हा गृहस्थ दारातच आडवा उभा. म्हणाले, भडक रंगाला राजे चिडतात.

राजे म्हणजे सरडा. आपल्याकडे झुडपात दिसतो तो नव्हे, येमेनकडचा. हातभर लांब, डोक्यावर उंच तुरा, दोन डोळे दोन दिशांना. परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या एका मित्राने राजे आणि बाईसाहेब ही जोडी काकांच्या गळ्यात मारली, आणि शांती नगरात पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत जाळीचे दोन पिंजरे उभे राहिले. दोन, कारण ही मंडळी लग्नापुरती भेटतात, एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. काकांना याचं भारी कौतुक. "एकट्यासारखं सुख नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकू गेल्या, मुलगी सासरी बंगलोरला, आणि काका कुणाची बेल वाजवायचे नाहीत की कुणाला "बसा" म्हणायचे नाहीत.

सरड्यांचे लाड मात्र विचारू नका. ही जनावरं वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. म्हणून जास्वंदीच्या कुंडीवर सलाईनची बाटली टांगलेली. आमच्याकडे टँकरची वाट बघत बादल्या रांगेत, आणि इथे जास्वंदीला सलाईन! खाण्यासाठी बाथरूममध्ये ड्रमभर रातकिडे पाळलेले. काकांना फोन केला की मागे अशी किरकिर चालायची की माणसाला वाटावं, हे रत्नागिरीला गावी पोचले वाटतं.

आमची बाल्कनी त्यांच्या अगदी समोर, मध्ये जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी फट. मी कपडे वाळत घालताना मान वर केली की काका म्हणायचे, "बघायचं नाही." आणि पाठ फिरवून बसायचे. बघायचं नाही तर शेजार कशाला घेतला, असं मी आमच्या ह्यांना नेहमी म्हणायचे.

एके वर्षी बाईसाहेबांच्या पोटात अंडी धरली. काकांनी टबभर ओली रेती आणून ठेवली. तिने त्यात बीळ खणून अंडी घालायची. पण तिचा स्वभाव असा की खणताना कुणी बघतंय असं वाटलं, की ती काम टाकून वर चढून बसणार. आणि अंडी पोटातच राहिली तर ती मरणार. एकदा ती खणायला लागली आणि वरच्या शाहबेन पापड घालायला आल्या. दुसऱ्यांदा मी. दोन्ही वेळा खड्डा अर्धवट राहिला. बाईसाहेबांनी खाणं सोडलं, डोळे खोल गेले.

त्या दिवशी दळवीकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा आमची बेल वाजवली. आमच्या विंगेतली प्रत्येक बेल वाजवली. प्रत्येक दारात हात जोडून एकच विनंती, बाल्कनीला पडदा लावा, दोन दिवस बघू नका.

आमच्या सोसायटीला ‘बघू नका’ म्हणणं म्हणजे जेवू नका म्हणण्यासारखं. पण काकांचा चेहरा बघून सगळे हलले. घरोघरी चादरी निघाल्या, आणि काकांनी कपाळावर हात मारला. एकही चादर बिनरंगाची नाही! कुठे गुलाब, कुठे मोर. शेवटी शाहबेन म्हणाल्या, "टेन्शन मत लो अंकल, दुकान में बोरी बहोत है." गोणपाटं आली, आम्ही बायकांनी ती शिवली आणि अख्खी विंग धान्याच्या गोदामासारखी झाली.

काका स्वतःही घरात थांबले नाहीत. दार ओढून घेऊन जिन्यात बसले. अधूनमधून फटीतून हळूच बघेन आणि झालं की मिस्ड कॉल देतो म्हणाले. सरड्याचं ते काय बाळंतपण, असं मीच आदल्या दिवशी हसले होते, पण दुसऱ्या दुपारी मीच फोन मांडीवर घेऊन जेवायला बसले.

संध्याकाळी फोन एकदा वाजून बंद झाला. मग वरती शाहबेनचा वाजला, मग खालचा, मग शेजारचा. अख्ख्या विंगेत मिस्ड कॉल वाजत गेले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईसाहेबांनी ढीगभर अंडी घालून वर रेती नीट लोटली होती आणि आता त्या हावऱ्यासारख्या पाणी चाटत होत्या. काकांनी घरोघरी पेढे वाटले. चालताना त्यांची छाती अशी पुढे, जणू अंडी त्यांनीच घातली.

आमचं गोणपाट मात्र तसंच राहिलं. ऊन अडत होतं आणि ह्यांना बनियनवर फिरता येत होतं. आठवडा झाला असेल, पुन्हा बेल वाजली. काका.

"वहिनी, पडदा काढता का?"

मला वाटलं, बाईसाहेबांना त्याचाही त्रास होतोय. तसं विचारलं.

"नाही हो, त्या मजेत आहेत." ते चपलेकडे बघत राहिले. "सकाळी चहाला बसलो की काचेत तुमचं घर दिसायचं. डबे, वेण्या, साहेबांचा हरवलेला मोजा. आता चहा घेववत नाही."

म्हणजे पाठ फिरवून हा माणूस खिडकीच्या काचेत रोज आमच्याबरोबर चहा घेत होता! मला भरून आलं. मी बाल्कनीत गेले आणि गोणपाट खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना मोजा सापडेना. मी पोळी तव्यावर टाकून शोधतेय, तोच समोरून आवाज आला. काका खुर्ची आमच्याकडे तोंड करून बसले होते, हातात कप.

"फ्रिजवर बघा, वहिनी."

होता.