सतरा वेळा बुडालेला नावाडी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत श्रद्धा मॅडम रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना एकेक फॉर्म वाटला. मॅडम निपाणीच्या, कामगारांचं बघायला नेमलेल्या. शनिवारी प्रशिक्षण होतं आणि टेबलं पिढीवार मांडायची होती. बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी. माणसाची पिढी जन्मसालावरून ठरते आणि आवडत्या सिनेमावरून पक्की होते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून फॉर्मात आवडता सिनेमा, तो कधी आणि कुणाबरोबर पाहिला, असे रकाने होते.

कंग्राळीच्या भावकू पाटलांनी एवढ्या आनंदानं जन्मात कुठला कागद भरला नव्हता. मोल्डिंगचे सुपरवायझर भावकू अण्णा म्हणजे त्या नावाड्याच्या सिनेमाचा माणूस, हे अख्ख्या फाउंड्रीला ठाऊक होतं. बापाच्या खुन्यालाच नावेतून पलीकडे न्यायची वेळ आलेला तो नावाडी. भर नदीत त्याला ओळख पटते आणि तो नावेचा तळ फोडून दोघांनाही बुडवतो. भावकूंनी तो सिनेमा सतरा वेळा पाहिला होता. गळ्यातला रुमाल नावाड्याचा, कमी बोलणंही नावाड्याचं. लग्न ठरताना त्यांनी नागुबाईंना आधी तो सिनेमा दाखवला आणि मगच होकार विचारला. फॉर्मात त्यांनी लिहिलं, 'दहावीत असताना, सिनेमा लागला त्याच दिवशी, विज्ञानाचा पेपर सोडून, मित्र जोतिबाबरोबर. त्यामुळे नापास.'

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. त्यांनी मोबाइलवर सिनेमाचं साल काढलं होतं, एकोणऐंशी. फाइलीत भावकूंचा जन्म होता सहासष्टचा.

"म्हंजे अण्णा, दहावीला तुम्ही तेरा वर्षांचे होता?"

भावकूंनी गळ्यातला रुमाल सैल केला. खरा जन्म त्रेसष्टचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्यांची आणि जोतिबाची, दोघांचीही तीन-तीन वर्षं उदार मनानं कमी केली होती. त्यामुळे कागदावर ते जेन एक्स होते आणि आईच्या पोटातून बूमर. एरवी याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं, पण जोतिबाही याच फाउंड्रीत होता आणि खरं साल बाहेर आलं असतं तर दोघंही दोन वर्षांपूर्वीच हार घालून घरी बसायला हवे होते.

तो सिनेमा थोरल्या भावाच्या आवडीचा, आपण चुकून लिहिला, असं भावकूंनी सांगितलं. मग तुमचा कुठला, असं मॅडमनी विचारलं. घरात लेक रचना महिनाभर एका नव्या सिनेमाचं कौतुक करत होती. भावकूंनी त्याचं नाव ठोकून दिलं. मॅडम हरखल्या. एकोणसाठाव्या वर्षी ही आवड! त्यांनी अण्णांना 'मनानं जेन झी' ठरवून पोराटोरांच्या टेबलावर बसवलं आणि त्या सिनेमावर पाच मिनिटं बोलायचं म्हणून यादीत नावही घातलं.

भावकूंनी घरी रचनाला गोष्ट विचारली. आधी सांगितली तर मजा जाते, असं म्हणून तिनं ती सांगितलीच नाही.

जेवणाच्या सुट्टीत जोतिबा त्यांच्याकडे पाठ फिरवून बसला; थोरल्या भावाची थाप त्याच्या कानावर गेली होती. भावकूंनी हळू आवाजात त्याला गुरुजी, सालं, दोघांची नोकरी, सगळं समजावलं. जोतिबानं ऐकून घेतलं.

"कळतंय रं," तो म्हणाला. "पर सतरा वेळा तिकिटाच्या रांगंत मी हुबा ऱ्हायलतो. तुझा थोरला भाऊ न्हवं."

शनिवारी मालक धनपाल पहिल्या रांगेत बसले. माइक हातात आला आणि भावकूंच्या डोक्यात त्या नव्या सिनेमाचं एक चित्रही येईना. शेवटी त्यांनी जन्मभर येत असलेली एकच गोष्ट सुरू केली. नदी, नाव, बापाचा खुनी. आश्चर्य म्हणजे जेन झीच्या माना डोलायला लागल्या. नवा सिनेमा जुन्यावरूनच काढलेला निघाला, फक्त नावेला इंजिन बसवलं होतं. भावकूंना चेव चढला. नाव फुटली, पाणी चढलं, नावाडी बुडाला.

"न्हाय अण्णा," लॅबमधली दिपाली म्हणाली. "तो पवत भाईर येतोय की. दुसरा भाग यायचाय."

भावकू नोकरी विसरले, तीन वर्षं विसरले.

"भाईर येतोय? सतरा वेळा बघितलंय मी. एकदाबी वर आला न्हाय."

जेन एक्सच्या टेबलावरून जोतिबा उभा राहिला. "मीबी सतरा वेळा. हेच्याच शेजारी बसून."

नवा सिनेमा लागून महिनाच झाला होता. मॅडमनी सावकाश फाइल उघडली. तेवढ्यात मालक उठले आणि त्यांनी माइक घेतला.

"आपल्याकडं कागद खरा," ते म्हणाले. "तेराव्या वर्षी दहावीला बसल्याली दोन माणसं ह्या फाउंड्रीत हाईत. टाळ्या वाजवा."

टाळ्या झाल्या. मॅडमनी ते मनापासून फाइलीत टिपूनही घेतलं.

चहाच्या वेळी मालक दोघांजवळ आले. बोर्डिंगातून पळून आपणही तो सिनेमा पाहिला होता, नावाडी वाचत नाही हेच खरं, असं ते म्हणाले. शिट्ट्या कोण मारतंय म्हणून मागं वळून पाहिलं, तेव्हाची तोंडं त्यांच्या लक्षात होती.

"कामाला घेतलं तवाच वळखलतो तुम्हाला," ते भावकूंना म्हणाले. "पर अण्णा, तेरा वर्षांच्या पोराला एवढी मिशी?"

भावकूंनी रुमालानं तोंड पुसलं. "मालक, ती मिशी जोतिबाची."

जोतिबानं आठवड्यात पहिल्यांदा भावकूंकडं पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "माझीच हुती."