पालक क्रमांक नऊ

शिक्षण आणि सामाजिक धोरण या विषयात एम.ए. करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी सात वर्षांपूर्वी सगळ्यांना सांगितलं होतं. सहा वर्षं अकरा महिने झाले तरी मळ काही निघाला नव्हता! सातव्या वर्षाची मुदत शुक्रवारी संपत होती. पदवी मिळाली तर मी आमच्या शाळेचा मुख्याध्यापक, नाहीतर जन्मभर चौथी ब.

पण यावेळी प्रबंध तयार होता. विषय : गृहपाठ आणि पालक. नियम असा की किमान बारा पालकांच्या मुलाखती हव्यात, प्रत्येकाचं संमतीपत्र हवं आणि कुणाचंही नाव येता कामा नये, फक्त क्रमांक. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं, घराघरात माझेच विद्यार्थी. जिने चढलो-उतरलो, काम फत्ते!

शेवटचा नियम म्हणजे निष्कर्ष सहभागी पालकांना दाखवणे. बुधवारी सकाळी मी घरोघरी एकेक कागद सरकवला. त्यात लिहिलं होतं : 'बारापैकी अकरा पालक गृहपाठात अजिबात ढवळाढवळ करत नाहीत. फक्त पालक क्रमांक नऊ मुलाचा गृहपाठ स्वतः लिहितो. संशय नको म्हणून डाव्या हाताने लिहितो आणि दोन चुका मुद्दाम ठेवतो. शिफारस : गृहपाठ दुप्पट करावा.'

दहा मिनिटांत तळमजल्यावरचे शिंपीकाका दारात. गळ्यात टेप तशीच.

"सर, नाव येणार नाही म्हणाला होतात!"

"कुठे आलंय?"

"डावा हात लिहिलाय की! आता सगळ्या इमारतीला कळलं ना!"

"काका, तुम्ही तर म्हणाला होतात, पोराच्या वहीला हातसुद्धा लावत नाही."

"मास्तरासमोर आणखी काय म्हणणार?" त्यांनी चिठ्ठी पुढे केली. 'मी माझी संमती मागे घेत आहे.'

हा हक्क संमतीपत्रातच होता. मीच ठळक अक्षरांत छापला होता, हौसेने!

काका वळतात न वळतात तोच दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सताई आल्या. "दोन चुका ठेवते हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांच्या मागे बँकेतले कॅशियर. "मी निबंधच लिहितो फक्त. गणितं बायको करते. दोघांना मिळून एक नंबर का दिलात?"

अर्ध्या तासात जिन्यावर अकरा पालक आणि माझ्या हातात अकरा चिठ्ठ्या. जो तो शेजाऱ्याची नजर चुकवत होता. अकरा संमत्या गेल्या म्हणजे प्रबंध गेला, खुर्ची गेली. शिवाय इतकी वर्षं मी ज्या वह्यांवर 'छान!' लिहीत होतो, त्या या मंडळींच्या होत्या. काकांना तर मी हस्ताक्षराचं बक्षीस दिलं होतं!

"अहो, नऊ नंबर तुमच्यापैकी कुणीच नाही," मी म्हणालो.

"मग कोण?" अकरा जण एका सुरात.

दारात उभ्या असलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. "सांगा की आता."

"मी," मी म्हणालो. "बारावा पालक मिळेना, म्हणून स्वतःचीच मुलाखत घेतली. पोराचा गृहपाठ मीच लिहितो. भरपूर असतो हो!"

"देतं कोण?" नर्सताईंनी विचारलं.

मग जे हसणं सुरू झालं! काका तर पायरीवरच बसले. हसता हसता सगळ्यांनी चिठ्ठ्या परत घेतल्या, पण एका अटीवर : शिफारस बदलायची. दुप्पट नाही, निम्मा! मी मुकाट मान डोलावली.

लाजत लाजत मार्गदर्शक मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"निष्कर्ष दोन दिवसांत नव्याने लिहा," मॅडम कडाडल्या. "आणि संशोधक स्वतः सहभागी होऊ शकत नाही, नियम वाचलेत का? म्हणजे तुमचे पालक अकराच!"

"मॅडम, शुक्रवारपर्यंत मी बारावा कुठून आणू?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला आणि मॅडमचा आवाज एकदम खाली उतरला.

"माझी मुलगी तिसरीत आहे. पण माझं नाव कुठेही येता कामा नये हं!"

"छे छे, मॅडम," मी वही उघडली. "नऊ नंबर आत्ताच रिकामा झालाय."