मास्तर सगळीकडून कमी होतात

मास्तर स्वतःहून फारसं काही ठरवत नसत. दुकानात काय शिवायचं ते गिऱ्हाईक ठरवी, घरात काय करायचं ते बायको ठरवी, आणि उरलेलं शिलाई मशीन बिघडलं की आपोआप ठरे. त्यामुळे त्या रविवारी चहा पिता पिता "मी आहे ना!" असं आपण का बोलून बसलो, हे त्यांना पुढे बरेच दिवस कळलं नाही.

झालं होतं असं की, मास्तरांची बायको कॉलेजात जात होती. वय वर्षं सेहेचाळीस. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, घर रिकामं झालं, आणि गल्लीभर 'काकू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईंनी एक दिवस सरळ जाऊन तंदुरुस्ती आणि आरोग्यप्रसाराच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्गातली बाकीची मंडळी एकोणीस-वीस वर्षांची. तीही त्यांना काकूच म्हणत, आणि दोरीवरच्या उड्यांत काकूंकडून हरत. घरात फ्रिजच्या दारावर माणसाच्या स्नायूंचं चित्र लागलं. फ्रिजमधून दूध काढताना कातडी नसलेला तो माणूस रोज आपल्याकडे रोखून बघतो, असं मास्तरांचं म्हणणं होतं.

घर रिकामं झालं म्हणून शिकते, असं काकू सगळ्यांना सांगत. खरं कारण वेगळं होतं. आदल्या वर्षी मास्तर मशीनवर बसल्या बसल्या चक्कर येऊन कापडाच्या ढिगावर कोसळले होते. (ढीग लोकरीचा होता म्हणून लागलं नाही.) डॉक्टरांनी सांगितलं, "चाला." मास्तर "हो" म्हणाले आणि रिक्षाने घरी आले. काकूंना त्यानंतर महिनाभर झोप लागली नव्हती.

तर, शेवटच्या सहामाहीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक क्लायंट घ्यायचा, बारा आठवडे त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, दर रविवारी मोजमापं घेऊन वहीत लिहायची आणि शेवटी त्या क्लायंटला परीक्षेला उभं करायचं, असा नियम होता. पास झालं तर आरोग्य केंद्रात नोकरी नक्की. केंद्राच्या बाईंनी तसा शब्दच दिला होता. नापास झालं तर वर्ष वाया.

"क्लायंट म्हणजे गिऱ्हाईकच ना?" मास्तरांनी विचारलं.

"हो. पण ऐकणारं पाहिजे. मिळणं कठीण आहे."

"त्यात काय कठीण? मी आहे ना!"

काकूंनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी दुकानातला टेप मागवला. कंबर चाळीस इंच, उंची पाच फूट सहा. वहीचं पहिलं पान भरलं.

रोज संध्याकाळी अर्धा तास चालायचं ठरलं. मास्तर बूट घालून घराबाहेर पडत, कोपऱ्यावरच्या आपल्याच दुकानात शिरत, शटर अर्धं ओढून अर्धा तास स्वस्थ बसत आणि ओल्या रुमालाने कपाळ नीट भिजवून घरी येत.

"किती घाम हा!" काकू म्हणत.

"चालणं म्हणजे काय खायचं काम आहे?" मास्तर म्हणत.

तीन रविवार झाले. कंबर चाळीसच्या चाळीस. काकू वहीत आकडा लिहीत आणि पेन तोंडात धरून खिडकीबाहेर बघत बसत. तेच मास्तरांना लागे. त्यांच्या धंद्याचा हिशेब सरळ होता. कपडा अंगावर बसला तर शिवणारा पास, नाही बसला तर नापास. म्हणजे आपली कंबर उतरली नाही तर ही नापास होणार. अठ्ठाविसाव्या वर्षी मुलीच्या आजारपणात हिने शाळेतली खेळाची नोकरी सोडली होती, ती पुन्हा हाताशी येत होती, आणि ती आपल्या पोटामुळे जाणार! मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. (दोनच वेळा वाढून घेतलं.)

यावर दोन उपाय होते. एक म्हणजे खरंच चालणं. दुसरा मास्तरांना सुचला.

कुठल्याही कपडे शिवणाऱ्याला ठाऊक असतं की कापडी टेप जुना झाला की ताणतो, आणि ताणलेला टेप माप कमी दाखवतो. म्हणून तो फेकून द्यायचा असतो. मास्तरांनी तो फेकला नाही. पाण्यात भिजवला, दुकानातल्या खिळ्याला टांगला आणि खालच्या टोकाला आपली जुनी, कोळशाची, पाच किलोची इस्त्री बांधली.

चौथ्या रविवारी कंबर साडेएकोणचाळीस. पाचव्या रविवारी साडेअडतीस. काकूंचा चेहरा फुलला, आणि तो पाहून मास्तरांनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या जोडीला कात्रीही बांधली.

पण चोरी पचवायलाही डोकं लागतं. त्याआधीच एकदा घाईत हाच टेप गळ्यात राहिला आणि त्यानेच मास्तरांनी वाचनालयाच्या ग्रंथपालांचं माप घेतलं. कापड मात्र टेबलावरच्या लाकडी पट्टीने कापलं. आठ दिवसांनी ग्रंथपाल पँट घालून आले ते श्वास धरूनच.

"मास्तर, ही वर चढते, पण मिटत नाही."

मास्तरांच्या लगेच लक्षात आलं. पण कबूल कसं करणार? "तुमचं वजन वाढलंय," ते म्हणाले. "बसून काम. होतं असं."

"आठ दिवसांत?"

"पुस्तकांमध्ये बसून फार लवकर होतं."

ग्रंथपाल स्वभावाने भित्रे. ते उठले आणि थेट काकूंकडे सल्ल्याला गेले. ही गोष्ट मास्तरांना कळलीच नाही, आणि पुढचं सगळं यामुळेच झालं.

त्यानंतर घरात एक नवीनच काळजी उभी राहिली. काकू विसरायला लागल्या. सोमवारी डबा ओट्यावर विसरून कॉलेजला गेल्या. मास्तर दुकान बंद करून दोन किलोमीटर चालत डबा देऊन आले. मंगळवारी पुन्हा डबा. बुधवारी चष्मा. गुरुवारी वही! सायकल होती, पण तिची किल्ली काकू नेमकी पर्समध्ये घेऊन जात. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी असे, पण रिक्षावाला मास्तरांना पाहिलं की "आत्ता नाही, मास्तर" म्हणून पेपर वाचू लागे.

मास्तर मनातून घाबरले. त्यांनी दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'डबा, चष्मा, वही, किल्ली.' काकू तो कागद वाचत, मान डोलवत आणि डबा विसरून जात. मास्तर गुपचूप डॉक्टरांकडे गेले.

"आमच्या हिचं डोकं ठीक आहे ना, बघाल का हो? रोज विसरते."

"तुम्ही काय करता मग?"

"नेऊन देतो चालत. जाऊन येऊन चार किलोमीटर."

"मग राहू दे," डॉक्टर म्हणाले. "तपासायची घाई नाही."

असला बेफिकीर डॉक्टर मास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता. कॉलेजच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याशी मात्र त्यांची ओळख झाली. परत येताना रोज त्यांच्या मनात एकच विचार येई. अभ्यास केला, परीक्षा आली, आणि आता हिला पेपरात काही आठवलं नाही तर? निदान कंबर तरी उतरलेली दिसली पाहिजे. इस्त्रीचं काम सुरूच राहिलं. बाराव्या रविवारी टेपाने सदतीस इंच दाखवले.

परीक्षेसाठी मास्तरांनी नवी पँट शिवली. बरोबर सदतीसची. माप जुळल्याचं चारचौघांत दिसावं हा हेतू. ती घालायला त्यांना पलंगावर आडवं व्हावं लागलं.

परीक्षा कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये होती. टेबलामागे परीक्षक मॅडम, समोर काकूंची वही, शेजारी काकू. मास्तरांनी तीन मिनिटं लाकडी पायरीवर चढउतार केली. मॅडमनी नाडी मोजली आणि काहीतरी लिहिलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून कॉलेजचा टेप काढला.

मास्तरांना घाम फुटला. या वेळी खरा. कॉलेजचा टेप! हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"श्वास सोडा," मॅडम म्हणाल्या.

"सोडलाय," मास्तर श्वास धरून म्हणाले.

"सोडलेला माणूस असा बोलत नाही. सोडा."

मास्तरांनी सोडला. त्याबरोबर पँटचं बटण सुटलं, टेबलावर उडालं आणि वहीच्या उघड्या पानावर जाऊन गोल गोल फिरत आडवं झालं. तीस वर्षांत मास्तरांनी लावलेलं बटण निघालं नव्हतं.

"एकोणचाळीस," मॅडमनी वाचलं. "वहीत तर सदतीस आहे."

एका हाताने पँट धरून मास्तर पुढे झाले.

"मॅडम, हिचे मार्क कापू नका. हिला यातलं काही माहीत नाही. टेप मी ताणलाय. इस्त्री बांधून. आणि संध्याकाळी मी चालायचो नाही, दुकानात बसायचो. चूक सगळी गिऱ्हाइकाची आहे. ही फार मन लावून शिकलीय हो. मला काय शिक्षा करायची ती करा, पण हिला नापास करू नका."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळेना.

मॅडमनी बटण उचलून बाजूला ठेवलं आणि त्याच्या खालचं पान वाचायला घेतलं.

"आठवडा पाचवा. कंबर साडेअडतीस. उंची पाच फूट साडेतीन इंच."

मास्तर दचकले. उंची! दर रविवारी त्याच टेपाने काकू त्यांची उंचीही मोजत होत्या, आणि पोटाच्या नादात त्यांनी तो रकाना कधी बघितलाच नव्हता.

"'क्लायंट सगळीकडून कमी होतो आहे,'" मॅडम पुढे वाचू लागल्या. "'ग्रंथपाल आठ दिवसांत इंचभर वाढल्याची तक्रार घेऊन आले. कॉलेजच्या टेपाने मोजले, ते होते तेवढेच आहेत. घरचा टेप ताणलेला आहे. आकडे जसे दिसतात तसे लिहिते, खरे आकडे शेवटच्या पानावर. क्लायंट स्वतःसाठी एक पाऊल चालत नाही. पण माझ्यासाठी त्याने टेप ताणला. म्हणजे माझ्यासाठी तो चालेलही. सोमवारपासून डबा विसरायचा. सायकलची किल्ली बरोबर न्यायची. रिक्षावाल्याशी आणि डॉक्टरांशी बोलून ठेवायचं.'"

मास्तर मटकन खुर्चीवर बसले. (पँटची मागची शिवण तेव्हा गेली, पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.)

"सात आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज चार किलोमीटर," मॅडम म्हणाल्या. "नाडी मिनिटाला अकरा ठोक्यांनी खाली आली आहे. कंबर खरीखुरी एक इंच उतरली. माणसाला व्यायाम सांगणं सोपं असतं, मास्तर. तो कशासाठी उठेल हे ओळखणं कठीण. ते यांना जमलंय."

काकू त्या विषयात पहिल्या आल्या. घरी जाताना मास्तर सदरा बाहेर काढून, भिंतीच्या कडेकडेने चालत होते.

"मला वाटलं तुला विसरायला होतंय," ते म्हणाले. "मी किती घाबरलो होतो, माहितेय?"

"आणि तुम्ही त्या ढिगावर पडला होतात तेव्हा मी?" काकू म्हणाल्या. मग त्यांनी भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरला. मास्तरांना दुसऱ्या हाताने पँट धरावी लागत होती, म्हणून त्यांना लाजायलाही जमलं नाही.

ग्रंथपालांची पँट मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी उसवून मोकळी करून दिली. शिवणीच्या आत माया भरपूर ठेवलेली होती.

पुढच्या महिन्यात काकू आरोग्य केंद्रात रुजू झाल्या. केंद्र तीन किलोमीटर लांब. पहिल्या दिवशी त्या गेल्यावर मास्तर स्वयंपाकघरात डोकावले, तर ओट्यावर डबा! मास्तरांना हसू फुटलं. आता ते असे फसणार नव्हते. सगळं कळूनसवरून, बायकोचं मन राखायचं म्हणून, त्यांनी तो जाडजूड, गरम राहणारा डबा उचलला, आतलं सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी सरळ धरला आणि भर उन्हात तीन किलोमीटर चालत केंद्र गाठलं.

काकू दहा-बारा माणसांना हात वर करायला शिकवत होत्या. मास्तर दारातूनच डोळा मारून म्हणाले, "विसरलात ना, बाई?"

काकूंनी डब्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या आपल्या पिशवीकडे पाहिलं. त्यातून नव्या डब्याचं झाकण दिसत होतं.

"अहो, हा जुना. रिकामा आहे. घासायला ठेवला होता मी."

दहा-बारा हात वरच्या वर राहिले. काकूंनी टेबलावरची जुनी वही ओढली आणि शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली. मास्तरांनी मान वाकडी करून वाचली.

'क्लायंट आता विनाकारणही चालतो. डोकं तपासून घ्यावं.'