कुलपांच्या दुकानाची उघडी शीट

माझी शाळा चौथीतच सुटली, पण आमच्या कुलपांच्या दुकानाचं वेबपेज मीच केलं. सून म्हणते, तिनं केलं. टकटक तिनं केली असेल. डोकं माझं होतं.

झालं असं, की बाजारातल्या सगळ्यात जुन्या दुकानाला व्यापारी मंडळ पितळी पाटी देणार होतं. आमच्या रस्त्यावर कुलपांची दुकानं दोन. एक आमचं आणि दुसरं बरोब्बर समोर, माझ्या चुलत जावेचं. तिचे सासरे नि माझे सासरे सख्खे भाऊ, माझे थोरले. आमचं दुकान तीन वर्षांनी थोरलं, हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. पण बाईनं दारावर रंगवून ठेवलंय, 'मूळ आणि सर्वात जुने'. चाळीस वर्षं मी रोज सकाळी ते वाचते आणि मग चहा पिते. कसा गोड लागेल?

"मंडळ पुरावा मागतंय," मुलगा म्हणाला. "आपले जुने कागद तर वाळवीनं खाल्ले."

"मी आहे ना."

"आई, तू कागद नाहीस."

सून मात्र हुशार. म्हणाली, "आई, आपण टाइमलाइन करू. मी ऑनलाइन शीट उघडते. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात काय घडलं ते, तिसऱ्यात फोटो. तुम्ही तिथं भरलंत, की वेबपेजवर रेघेवर आपोआप ठिपका येतो. ठिपक्यावर बोट ठेवलं, की सगळं उघडतं."

म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. आपण नुसते पिळून द्यायचे, लहानमोठे ओळीनं तीच लावणार. मला एका झटक्यात कळलं. मुलाला दोनदा सांगावं लागलं.

तीन दुपारी मी एका बोटानं भरत होते. पहिलीच ओळ दुकानाची. तारीख टाकली, ३-५-२८.

"आई, वर्ष पूर्ण लिहा."

"का गं? माझे सासरे काय अजून जन्माला यायचेत?"

ती पुढची ओळ दाखवायला लागली. मला वाटलं, पटलं.

सगळं भरून झालं आणि मला काही ते एकटीनं बघवेना. मी जावेला लिंक पाठवली. खाली लिहिलं, 'बघ.' बास, एवढंच. पण पाठवायची होती पानाची, गेली शीटची. आणि त्या शीटला कुलूप नव्हतं. ज्याच्या हाती लिंक, त्यानं आत शिरावं नि वाटेल ते लिहावं. कुलपं विकणाऱ्यांच्या घरची ही तऱ्हा!

ते कळलं मंडळाच्या सभेत, भिंतीएवढ्या पडद्यासमोर. सचिव म्हणजे आमचे चष्मेवाले. त्यांनी पहिला ठिपका वाचला, "१९३१. धाकट्या घराचं दुकान उघडलं."

माझ्या पानावर तिचं दुकान? तेही पहिलं?

"आपलं कुठं गेलं गं?"

सुनेनं ती रेघ बोटानं ढकलत ढकलत पार शेवटच्या टोकाला नेली. तिथं सासरे खुर्चीत ताठ बसलेले. खाली लिहिलेलं, 'दुकान उघडलं, ३ मे २०२८'.

अख्खी सभा हसली. जाऊ सगळ्यात शेवटी थांबली. "अगंबाई, अजून उघडायचंय होय? उद्घाटनाला बोलवा हं, वहिनी."

"नुसतं अठ्ठावीस लिहिलं, की कॉम्प्युटर चालू शतक धरतो," सून कुजबुजली.

"मग हे आत्ता सांगतेस?"

"तेव्हाच सांगत होते."

सचिव पाटीसाठी जावेचं नाव लिहून घ्यायला लागले. पण मी त्या बाईला चाळीस वर्षं ओळखते. ती एका वाक्यात थांबणारी नव्हे.

"सचिवसाहेब, तिच्या ठिपक्यावर बोट ठेवा. आतलं वाचा की."

त्यांनी वाचलं. "'उद्घाटनाला थोरल्यांनी भेट काय दिली, तर त्यांच्या दुकानात तीन वर्षं पडून राहिलेलं गंजकं कुलूप. सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या. हे लोक पहिल्यापासून असेच.'"

सचिवांनी चष्मा काढून पुसला. "तीन वर्षं पडून? म्हणजे थोरल्यांचं दुकान तुमच्या आधी तीन वर्षं..."

"गंजकं होतं, ते बघा ना," जाऊ म्हणाली.

"हे लिहिलं कुणी?"

सुनेनं शीटचा इतिहास उघडला. ओळ कुणी लिहिली, किती वाजता, सगळं तिथं असतं. जावेचं नाव, दुपारी दोन चाळीस. पाटी आम्हाला!

जाऊ पर्समध्ये फोन शोधायला लागली. मी ओळखलं. "सूनबाई, लाव कुलूप त्या शीटला."

"लावते. पण आधी ते २०२८ दुरुस्त करू?"

"एक अक्षर हलवायचं नाही. पुरावा आहे तो."

आठवड्यानं पाटी आली. जाड पितळ, ठसठशीत अक्षरं, 'बाजारातील सर्वात जुने दुकान'. कोरणारा मोठा चोख माणूस. तारीख त्यानं थेट आमच्या पानावरून उतरवून घेतली होती.

आता रोज सकाळी शटर वर केलं, की मी आधी ती पाटी लखलखीत पुसते. जाऊ समोरून बघत असते. बघू दे. पुसून झालं, की फडकं मी तिथंच वाळत घालते, बरोब्बर त्या चार आकड्यांवर.